धुण्यातला ध

मंडईत मी वांगी निवडत होते आणि पाठीमागून कुणीतरी ह्यांच्या नावाने हाक मारली. अगदी नाव घेऊन, मोठ्याने, गावाकडची माणसं बांधावरून मारतात तशी. माझा हात आपसूक डोक्यावर गेला, पदर पुढे ओढला आणि मी वळले. नुसती वळले नाही, हसलेसुद्धा असेन, कारण ज्याला हाक मारली होती तो माणूस माझ्याकडे बघून बावरला. पाठीवर कांद्याची गोणी, टाचांना भेगा, वय साठीच्या पुढचं. वडप्याकडचा कुणी शेतकरी असावा. "आलो रं, आलो," म्हणत तो मला वळसा घालून निघून गेला. भाजीवाली म्हणाली, "मावशी, वांगी घ्याची हायत का नुसती कुरवाळाची?" ह्यांना जाऊन आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत ते नाव माझ्या कानावर पडलं नव्हतं. लोक "तुमचे मालक" म्हणायचे, "भाऊ गेले" म्हणायचे, "बिचारा" म्हणायचे. नाव कुणी घेत नव्हतं. आणि मी तर काय, एकोणतीस वर्षांच्या संसारात एकदाही घेतलं नव्हतं. पाव किलो वांगी घेऊन घरी आले, त्यातली दोन किडकी निघाली.

आता कुणी म्हणेल, यात काय एवढं? आमच्यात बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला आईने दुधातूनच पाजलं असेल. बाकीच्या बायका निदान हळदीकुंकवाला उखाण्यात घालून घेतात. मी तेही केलं नाही, कारण माझी सासू. आक्का म्हणायचे सगळे तिला. आक्काची आधीची तीन पोरं पाळण्यातच गेलेली. चौथ्या खेपेला हे झाले, तेव्हा तिने पाच घरांतून फाटक्या कपड्यांचे तुकडे मागून आणले, त्यात बाळ गुंडाळलं, उकिरड्यावर एकदा लोळवलं आणि नावच तसं ठेवलं, फाटक्या तुकड्याचं. म्हणजे मरणाने यादी वाचताना म्हणावं, शी, हे काय न्यायचं! लग्न होऊन आले त्या आठवड्यातच आक्काने मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "ह्या नावानं माजा पोर राखलाय. तू त्याला तोंडात घेऊन झिजवू नको." मी सोळा वर्षांची. मला वाटलं, नाव साबणासारखं झिजतं. मग नाव तर सोडाच, तो शब्दसुद्धा मी टाकला. आणि राहायचं कुठे, तर भिवंडीत! जिथे गल्लीगल्लीत तेच पडलेलं, तेच विकतात, तेच गोण्या भरून ट्रकात घालतात. मोहिउद्दीन शेठच्या लूमवर मी धाग्याच्या कांड्या भरायला जायचे. मशीन पुसायचा तुकडा मागायचा झाला तर बाकीच्या बाया सरळ नाव घेऊन मागायच्या, मी म्हणायचे, "ते फडकं दे गं." शेठची बायको, खदीजाभाभी, मुद्दाम खोडी काढायची. "गुणाबाई, फडका मोठा असते. हा एवढासा तुकडा. ह्याला काय बोलतात, बोल ना." मी म्हणायचे, "भाभी, जीव गेला तरी बोलनार न्हाय." सगळ्या खिदळायच्या. लूमचा आवाज एवढा, की त्या खडखडाटात मी ते नाव बोंबलून घेतलं असतं तरी शेजारणीला कळलं नसतं. हे माझ्या पुष्कळदा मनात आलं. कुणाला ऐकू जाणार आहे? एकदा जिभेवर ठेवून तर बघू. एवढी वर्षं त्या आवाजात काढली, पण नाही ठेवलं.

ह्यांना मात्र तेच हवं होतं. माणसाला काय काय हवं असतं! कुणाला दारू, कुणाला जत्रेतली बाई, ह्यांना बायकोच्या तोंडून नाव. वडप्याला नूरुद्दीन शेठच्या ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर होते. आधी सुरत, इंदूर, मग दिल्ली, आणि पुढे मनालीकडून लेहचा रस्ता खुला झाला तशी त्यांनी ती लाइन मागून घेतली. कापडाच्या गाठी, औषधांचे खोके. वर्षात दोन फेऱ्या, उन्हाळ्यात बर्फ हटल्यावर एक आणि पुन्हा बर्फ पडायच्या आधी एक. तिकडून आले की चार दिवस तेच. "गुणे, तिकडं लोक दगडाव अक्षरं कोरतात आनि त्याची भिंत घालतात. भिंत उजव्या हाताला ठेवूनच जायाचं, डाव्या हाताला ठेवलीस तर तिकडची म्हातारी बोंबलते." "गुणे, तिकडं मुंडकं भाद्रलेली पोरं लाल लुगड्यात हिंडतात." मग सांगायचे, तिकडे हातात धरायचा एक डबा असतो, त्यात देवाचं नाव लिहिलेला कागद, डबा फिरवला की नाव घेतल्यासारखंच, तोंड उघडायला नको. "तुज्यासारख्या बायकांची सोय हाय बघ ती. तुला एक आनू का? माजं नाव घालून दे, फिरवत बस." मी म्हणायचे, डबा फिरवायला वेळ कुणाला आहे, इथे कांड्या फिरवताना हात मोडतात. खरं सांगू? त्या मुलखाचा मला राग यायचा. सवतीचा यावा तसा. ह्यांच्या डोळ्यात ते डोंगर आले की मी त्यांना दिसेनाशी व्हायचे. भाकरी ताटात गार व्हायची आणि हे सांगत बसायचे, तिथे आभाळ इतकं निळं असतं की काळं वाटतं. आभाळ काळं असायला तिथे कशाला जायला हवं, भिवंडीतल्या आमच्या टेमघरात काय कमी धूर आहे!

त्या शेवटच्या खेपेला जायचं नव्हतं. ठरलं होतं तसं. पन्नाशी उलटली, छाती भरून येते, आता वडपे ते कशेळी लोकल ड्युटी करायची, लेक कशेळीला दिलेली आहे, जाता-येता नातवाला बघायचं. मला तसं कबूल केलं होतं. आणि सप्टेंबरात एका सकाळी उठून म्हणतात, "एकच खेप. शेवटची." नळाला पाणी आलं होतं, मी हंडा आपटूनच नळाखाली लावला. हे पिशवी घेऊन दारात उभे. त्यांना माझा राग कळला की ते जास्तच लाडात यायचे, ही त्यांची खोड. म्हणाले, "एकदा नाव घेऊन हाक मार. खरंच सांगतो, तू नाव घेऊन थांब म्हनलीस तर न्हाय जानार." थट्टाच होती ती. पण डोळे थट्टेतले नव्हते. आता वाटतं तसं, तेव्हा बघितलंच कुणी डोळ्यांकडे? मी हंड्याकडे बघत होते. म्हटलं, "मेल्याव घेईन तुमचं नाव. आता निघा, पानी जाईल माजं." हे हसले. "येतो," म्हणाले. हंडा भरून वाहायला लागला तेव्हा मी वर बघितलं, तोवर ते गल्लीच्या टोकाला गेले होते.

ऑक्टोबरात तार आली ती नूरुद्दीन शेठच्या ऑफिसात. ती घेऊन सादिक घरी आला. सादिक म्हणजे दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर, इथला कोकणी मुसलमान पोरगा, ह्यांच्या हाताखाली स्टेअरिंग धरायला शिकला. ह्यांना उस्ताद म्हणायचा आणि मला वहिनी. दारात उभा राहून तो नुसता तारेची घडी घालत होता आणि उलगडत होता. क्लीनर तापाने मनालीलाच राहिला होता, हे एकटेच पुढे गेले. शेवटच्या मोठ्या घाटाच्या माथ्यावर गाडी बंद पडली. तिथे हवा विरळ. श्वास घ्यावा तर छातीत काही जात नाही. केबिनमध्ये बसल्या जागी गेले. कागदपत्रं पोलीस घेऊन गेले, घाट आठवड्यात बर्फाने बंद व्हायचा होता, तेव्हा पलीकडच्या पहिल्या गावातल्या लोकांनीच त्यांना खाली आणून अग्नी दिला. कुठली माणसं, कुठला धर्म, पण दिला. आम्ही इकडे दहावं केलं कामवारी नदीच्या काठी. पिंड ठेवले. कावळे होते की, समोरच्या झाडावर सात-आठ बसलेले, पण एकही खाली उतरेना. माझा दीर, विठू, हात जोडून एकेक सांगत होता, "दादा, वहिनीला बघू आमी. दादा, नातवाचं शिक्षन करू. दादा, तुजी गाडी सादिक चालवंल." कावळे मान वाकडी करून बघत होते. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. मला माहीत होतं ह्यांना काय हवं आहे. एक शब्द. चारचौघांत, नदीकाठी उभी राहून, एक शब्द. ओठ उघडले मी, देवाशपथ उघडले. आणि आतून काही आलंच नाही, सवयच नव्हती घशाला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. घरी येऊन मी पोटभर जेवले, हेही सांगून टाकते.

मंडईतल्या त्या हाकेनंतर मात्र मला बसवेना. कांडी भरताना धागा तुटायचा आणि मी नुसती बघत राहायचे. तो कांद्याच्या गोणीवाला माणूस जिवंत आहे म्हणून "आलो" म्हणाला. हे कुठे असतील? कुणी हाक मारली तर "आलो" म्हणायला अजून तिथेच, त्या माथ्यावर, बंद गाडीत बसले असतील? थांब म्हणालीस तर जाणार नाही, असं म्हणून गेलेला माणूस. मी सादिकला गाठलं. म्हटलं, "तुजी गाडी कदी हाय लेहला? मला यायाचंय." तो आधी हसला, मग त्याने तारीख सांगितली. लेक कशेळीहून धावत आली. "आये, येडी झालीस? बाईमानूस ट्रकात बसून आठ दिवस! लोक काय म्हनतील? तिथं काय उरलंय?" मी म्हटलं, "राख आसंल ती आनीन." तांब्याच्या तांब्याला फडकं बांधून घेतलं होतं, सगळ्यांना दाखवायला. खरं कारण कुणाला सांगायचं? की नवऱ्याला नावाने हाक मारायला चाललेय म्हणून? खदीजाभाभीने तेवढी एक शाल दिली, शेठची जाडी लोकरीची, आणि म्हणाली, "रो लेना वहां. इकडे तू रडलीच नाय."

प्रवासाचं काय सांगू. धूळ, डिझेल आणि सादिकची भजी खायची हौस. अंबाल्यापर्यंत मी भिवंडीतच होते, मनाने. मनालीपासून रस्ता वर चढायला लागला आणि झाडं संपली. एकदम नाही, आधी उंच झाडं गेली, मग झुडपं, मग गवत, मग काहीच नाही. नुसते डोंगर, सोललेले. पिवळे, जांभळे, गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचे. इतकं उघडं मी काही बघितलेलं नव्हतं, मला लाज वाटली. दर घाटाच्या माथ्यावर दगडांचा ढीग आणि त्यावर दोऱ्यांना बांधलेले कापडाचे तुकडे, निळे, पांढरे, लाल, फाटून दशा झालेले, वाऱ्यात फडफडणारे. सादिक म्हणाला, "वहिनी, ते मंत्र छापलेलं असते त्याच्यावर. हवा लागली की मंत्र उडते चौफेर, असा मानतात. उस्ताद प्रत्येक वेळी एक बांधायचे." मी विचारलं, "कसलं बांधायचे?" तर म्हणाला, "आपल्या लूमवरचे कटपीस. बोलायचे, माझं नाव आहे हे, माझं नाव लावतोय." आणि हसला. मला हसू आलं नाही. म्हणजे ह्यांनी स्वतःच स्वतःचं नाव तिथे वाऱ्यावर टांगून ठेवलं होतं, बायको घेत नाही म्हणून! मी खिडकीची काच वर केली. डोकं असं दुखत होतं की कवटीत कुणी लूम लावलाय.

शेवटच्या माथ्यावर, तांगलांगलाला, सादिकने गाडी थांबवली. इथेच, म्हणाला. खूण काही नव्हती. रस्ता, दगड, ती फडकी, आणि वारा. सादिक पलीकडे जाऊन पाठमोरा उभा राहिला, मला मोकळीक द्यायला. मी उतरले. चार पावलं टाकली तर धाप लागली. म्हटलं, आता. इथे ना आक्का, ना दीर, ना भटजी. तोंड उघडलं, आणि वाऱ्याने तोंडच भरलं. श्वास आत येईना, बाहेर शब्द कुठून जाणार? मी तिथे दगडावर बसून नुसती तोंड उघडं ठेवून माशासारखी करत होते. आणि मग एकदम कळलं, असंच झालं असेल त्यांना. अगदी हेच. छाती ओढतेय आणि आत काही येत नाही आणि हाक मारायला माणूस नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला ते मेलेले दिसले. सादिक धावत आला, मला उचलून गाडीत घातलं आणि खाली उतरवलं.

घाटाखालचं गाव म्हणजे वीस-पंचवीस घरं, सातूची हिरवी शेतं आणि वर कड्यावर त्यांचा मठ. गोंपा म्हणतात. आम्हाला एका म्हातारीने घरात घेतलं. सगळे तिला आबी म्हणत, म्हणजे आजी. तिने मला चहा दिला, त्यात मीठ आणि लोणी! एरवी मी थुंकले असते, पण गरम होता. भेटलं की "जुले," निघालं की "जुले," आभार मानायचे तरी "जुले." एकच शब्द. मला ते बरं वाटलं, चुकायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बोट धरून मठाकडे नेलं. वाटेत ती अक्षरांच्या दगडांची भिंत आली आणि मी आपली सावलीच्या बाजूने निघाले. आबीने कोपर धरून मला मागे ओढलं, परत आणलं, दुसऱ्या बाजूने घातलं. भिंत उजव्या हाताला. ह्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. उगाच का कोण जाणे, मला वाटत होतं ते थापा मारतात.

मठातला म्हातारा लामा, त्याला मेमे म्हणत, म्हणजे आजोबा. चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला. रस्त्याच्या कामावर राहून त्याला हिंदी येत होती. मी तांब्या पुढे केला. तो आम्हाला कड्याच्या कपारीत घेऊन गेला. तिथे बोटभर उंचीची मातीची देवळं ओळीने मांडलेली, शंभर तरी, साच्यातून काढलेली. राख मातीत कालवून ती करतात, म्हणाला. त्यातली ह्यांची कुठली, तर ते त्यालाही सांगता येईना. काही पावसा-बर्फाने विरघळून नुसते गोळे झाले होते. माझं डोकं भडकलं. एवढ्या लांब आले आणि ह्या लोकांनी माझ्या माणसाची खेळणी करून ठेवली! मी म्हटलं, "ये गल जायेगा सब!" मेमे म्हणाला, "हां माताजी. गलने के लिए ही बनाते हैं." इतक्या साधेपणाने म्हणाला की भांडण तिथेच मोडलं. मग त्याने सांगितलं, पूजा पूर्ण झाली आहे. मेलेल्याचं नाव कागदावर लिहायचं, त्याला नावाने बोलावून त्या कागदात बसवायचं, खाऊ घालायचं, वाट समजावून सांगायची आणि एकोणपन्नासाव्या दिवशी तो कागद दिव्यावर धरायचा. नाव जळलं की माणूस सुटला, पुढे गेला. "सब हो गया. नूरी का सब अच्छे से हो गया."

सादिकने विचारलं, "किसका?" मेमे म्हणाला, "ड्रायव्हर का. नूरी." गाडीच्या कपाळावर लिहिलं होतं ना मोठ्या अक्षरात. कागदपत्रं पोलिसांकडे, घाट बंद, विचारायचं कुणाला? त्यांना वाटलं, ज्याची गाडी त्याचं नाव. सादिकने कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! वो तो शेठ की बेटी है, मेमे! जिंदा है! आठवीं में पढ़ती है!" मेमेचा चेहराच उतरला. तो खाली बसला. एकोणपन्नास दिवस त्या माणसाने थंडीत बसून, लोणी जाळून, एका शाळेत जाणाऱ्या पोरीला वाट सांगितली होती. आणि हे? ह्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. इकडे कावळ्याने नाही, तिकडे कागदाने नाही, बायकोने तर नाहीच. मला हसू फुटलं. खरंच, खो खो हसले मी त्या कपारीत. आक्काने ठेवलेलं नाव एवढं पक्कं निघालं की मेल्यावरसुद्धा कुणाच्या यादीत आलं नाही. हसता हसता रडं कधी लागलं ते समजलं नाही, आबी माझी पाठ चोळत होती.

दुपारी मेमेने पुन्हा मांडलं सगळं. अंधारी खोली, लोण्याचे दिवे, भिंतीवर दात विचकणारे देव. मला आधी ते राक्षस वाटले. एका पातळ कागदावर माणसाचं चित्र छापलेलं, मांडी घालून बसलेला, कुणीही असू शकेल असा. त्याच्या पायाशी नावाला जागा. मेमेने बोरू बुडवला. "नाम?" सादिक सांगायला गेला. मी त्याचा हात धरला. "थांब. मी सांगते." मेमे म्हणाला, "अच्छा है. अपना आदमी बुलाए तो जल्दी आता है. जितना बुलाना है, अभी बुला लो. जलने के बाद मत बुलाना. नाम सुनके वो पीछे मुड़ेगा, रास्ता भूलेगा." मी मान हलवली. आणि घेतलं नाव.

काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, जीभ झडली नाही. दोन अक्षरं. एवढंच होतं? मेमेने ते म्हणून बघितलं, आणि चुकीचं म्हटलं. दुसरं अक्षर त्याला येईना. मी म्हटलं, "द नव्हं मेमे, ध. धुन्यातला ध." पुन्हा घेतलं. तो पुन्हा द म्हणाला. त्यांच्या जिभेत ते अक्षरच नाही, सादिक म्हणाला. असं कसं नाही? चुकीचं लिहून जाळलं तर पुन्हा हे कुठे अडकतील? मी पुढे सरकून बसले. "छातीतून काढा. असं." पुन्हा घेतलं. आबी म्हणाली, दारातल्या दोन बाया म्हणाल्या, सगळ्यांचं चुकत होतं आणि मी प्रत्येकीला सुधारत होते, मोठ्याने, मास्तरणीसारखी, हात आपटून. दहा वेळा घेतलं असेल, वीस वेळा. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी आता शिकवत नाही आहे. मेमेने केव्हाच लिहून टाकलं होतं. तो कागद काठीला लावून दिव्याजवळ धरून बसला होता, माझ्याकडे बघत. मी हाकच मारत होते. चुलीपाशी मारायला हवी होती ती, नळावर मारायला हवी होती ती, बाळंतपणात कळा सोसताना, रात्री गाडी यायला उशीर झाल्यावर, एकोणतीस वर्षांच्या सगळ्या. जिभेला गोडी लागली होती. मेमेने भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "थांबा. अजून थोडं." त्याने हात मागे घेतला. पुन्हा घेतलं. पुन्हा त्याने बघितलं. "थांबा." तिसऱ्यांदा थांबा म्हटलं तेव्हा सादिक उठून बाहेर गेला. ध ला श्वास लागतो. खाली कळत नाही, तिथे कळतं. माझा श्वास संपत आला होता, छाती धपापत होती, तरी मी ओढून आणत होते. आणि मग माझ्याच तोंडून द आला. एकदा, दोनदा. पुन्हा घेतलं तरी द. ध निघेना. मी थांबले. त्यांचं नाव मीच मोडायला लागले होते. मेमेला म्हटलं, "लावा."

कागद पातळ होता, लगेच गेला.

येताना सादिकने एकदा सवयीने "उस्ताद असते तर" असं सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. रिकामा तांब्या माझ्या पायाशी लोळत होता, मनालीला त्यातून पाणी प्यायलो. भिवंडीत आले, कामाला लागले. लेकीला सांगितलं, राख नाही मिळाली, नदीत सोडली होती लोकांनी. पण रात्र-दिवस एक त्रास सुरू झाला. नाव तोंडात यायला लागलं. कांडी भरताना, तांदूळ निवडताना, आपोआप, जिभेच्या टोकावर, ध सकट, अगदी स्वच्छ. एकोणतीस वर्षं आलं नाही आणि आत्ता, येऊ नये तेव्हा! मी ओठ दाताखाली धरून बसायचे. म्हणायचे, बाई, तो चाललाय, चालू दे. आता कुठे त्याला वाट सापडलीय.

दिवाळीच्या आधी रेशन ऑफिसात जावं लागलं, कार्डावरून नाव कमी करायला. खिडकीतला साहेब चांगला होता, तरुण होता. "मावशी, मयताचं नाव?" मी दाखला पुढे सरकवला. म्हटलं, "ह्याच्यात लिवलंय." तो बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागला, पहिलं अक्षर त्याच्या तोंडून बाहेर पडलं आणि मी खिडकीतून हात घालून त्याचा कागद झाकला. "साहेब, वाचू नका. मनातल्या मनात वाचा. मोठ्यानं नको." मागे रांगेत बाया हसल्या. साहेबही हसला. "एवढं वय झालं, मावशी, आणि अजून लाजता होय?"

"हो," मी म्हटलं.